डोंगर समुद्रात नेणारं बंदर : कोबेची गोष्ट

कोबे शहराच्या मेरिकेन पार्कमध्ये पाण्याला लागून सुमारे ६० मीटर लांबीचा एक मोडका धक्का आहे. काँक्रीटचे तुकडे खचून पाण्यात गेलेत, दिव्याचे खांब कलंडलेत. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाने जे केलं, ते इथे जसंच्या तसं राखून ठेवलं आहे. बाकीचं सगळं बंदर नव्याने बांधून काढलं, एवढाच तुकडा मुद्दाम तसा सोडला.

तो पाहिला की एक साधा प्रश्न पडतो. जपान हा भूकंपांचा देश. जमीन हलते हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मग कंटेनर उलाढालीत जगात सहाव्या क्रमांकावर असलेल्या बंदराचे जवळजवळ सगळे धक्के वीसेक सेकंदांत निकामी झाले तरी कसे? उत्तर धक्क्यांच्या खाली आणि मागे भरलेल्या मातीत आहे. ती माती कुठून आली, का आणली, हे समजून घ्यायचं तर कोबेची गोष्ट अगदी पहिल्यापासून ऐकावी लागते.

डोंगर, भूशिर आणि शांत पाणी

जपानच्या नकाशात ओसाकाचा उपसागर शोधा. त्याच्या उत्तर काठाला, डोंगर आणि पाणी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर कोबे वसलेलं आहे. पाठीशी रोक्कोची डोंगररांग, तिचा सर्वांत उंच माथा ९३१ मीटरचा. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा बोचरा वारा ही रांग अडवते. पश्चिमेला वादा नावाचं भूशिर समुद्रात घुसलेलं असल्याने त्या बाजूच्या लाटा मोडतात. काठापासून फार दूर न जाता खोल पाणी मिळतं. आणि भरती-ओहोटीच्या पाण्यात फरक पडतो तो जेमतेम मीटर-दीड मीटरचा.

हा शेवटचा मुद्दा मुंबईकराला चटकन कळेल. मुंबईत उधाणाच्या दिवसांत हा फरक चार मीटरच्या वर जातो. म्हणून तर आपल्याकडे प्रिन्सेस डॉक, व्हिक्टोरिया डॉक ह्या गोद्या दरवाजे लावून बांधाव्या लागल्या. आत पाणी कोंडून ठेवायचं आणि भरतीची वेळ साधून जहाजं आत-बाहेर करायची. कोबेला हा खटाटोप करावाच लागला नाही. थेट समुद्राला लागून भिंत उभारा, जहाज दिवसा-रात्री केव्हाही येऊन लागेल.

पण ह्या जागेला दोन खोडीही आहेत. आग्नेयेकडची बाजू उघडी, त्यामुळे चक्रीवादळात तिकडून लाटा थेट आत येतात. दुसरी खोड डोंगराची. रोक्को ग्रॅनाइटचा आहे आणि हा ग्रॅनाइट झिजून झिजून भुसभुशीत झालाय. जपानी भाषेत त्याला ‘मासादो’ म्हणतात. आपल्याकडचा मुरूम बेसॉल्टचा किंवा जांभ्याचा असतो, तो ग्रॅनाइटचा असता तर जसा दिसला असता तशी ही माती: रेती, खडे आणि बारीक भुकटी यांचं मिश्रण. डोंगरातून उतरणाऱ्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. पाऊस पडला की ही माती घेऊन त्या धावत सुटतात. जुलै १९३८ मधल्या अतिवृष्टीत शहरावर असा चिखल-दगडांचा लोंढा आला आणि शेकडो माणसं गेली. बंदरात गाळ साचू नये म्हणून इकुता नदीचं पात्र १८७१ मध्ये आणि मिनातो नदीचं १९०१ मध्ये वळवावं लागलं. ही मासादो माती लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

पहिलं कृत्रिम बेट

बंदराचं मूळ नाव ओवादा-नो-तोमारी, म्हणजे ओवादाचा नांगरतळ. बाराव्या शतकात तैरा नो कियोमोरी ह्या सरदाराच्या हाती जपानची सत्ता आली. चीनच्या सोंग राजवटीशी व्यापार वाढवायचा, तर मोठी चिनी जहाजं राजधानीच्या शक्य तितकी जवळ आली पाहिजेत, हे त्याने ओळखलं. त्यासाठी त्याने ओवादाची डागडुजी केली आणि आग्नेयेच्या लाटा अडवायला समुद्रात भराव टाकून बेट उभं केलं. ह्या बेटाचं नाव क्योगाशिमा, म्हणजे सूत्रांचं बेट.

नावामागे एक दंतकथा आहे. टाकलेला भराव लाटांनी वाहून जाऊ लागला, तेव्हा माणसाचा बळी देऊन पाया घालावा असं सुचवलं गेलं. कियोमोरीने त्याऐवजी दगडांवर बौद्ध सूत्रं लिहवून घेतली आणि ते दगड पाण्यात सोडले. दुसऱ्या एका कथेत एक तरुण सेवक स्वतःहून बळी जायला पुढे होतो. खरं-खोटं काहीही असो, समुद्रात भराव घालणं किती जिवावरचं काम वाटत असे ते ह्या कथांतून कळतं. ११८० मध्ये कियोमोरीने राजधानीच इथे फुकुहाराला हलवली. ती सहा महिनेही टिकली नाही, आणि पुढच्या वर्षी तो स्वतः वारला.

पुढची सहाशे-सातशे वर्षं हे बंदर ‘ह्योगो’ नावाने चालत राहिलं. पंधराव्या शतकात मिंग चीनशी होणारा व्यापार इथून झाला. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, उत्तरेकडची हेरिंग मासळी, समुद्री शेवाळ, तांदूळ वाहणारी शिडाची जहाजं इथे येत. पण त्या काळात परदेशी जहाजांना बंदी होती, त्यामुळे ह्योगो मोठं असूनही देशापुरतंच राहिलं.

करारात ह्योगो, प्रत्यक्षात कोबे

१८५८ मध्ये अमेरिका, ब्रिटन वगैरे देशांशी झालेल्या करारांनुसार काही बंदरं परदेशी व्यापाराला खुली करायची होती. ह्योगोची तारीख ठरली होती १ जानेवारी १८६३. पण हे बंदर सम्राटाच्या क्योटोच्या फारच जवळ. परकी माणसं इतक्या जवळ येणार म्हटल्यावर दरबारात कमालीचा विरोध झाला आणि तारीख पाच वर्षं पुढे ढकलली गेली. अखेर १ जानेवारी १८६८ ला बंदर उघडलं. त्याच सुमाराला शोगुनशाही, म्हणजे सम्राटाच्या नावाने चालणारी लष्करी सरदारांची राजवट, कोसळत होती, त्यामुळे बंदर एका राजवटीने उघडलं आणि चालवलं दुसरीने.

परदेशी लोकांना ह्योगोच्या दाट वस्तीत मात्र येऊ दिलं नाही. तिथून पूर्वेला साडेतीन किलोमीटरवर कोबे नावाचं गाव होतं, तिथे वाळू आणि शेतं होती. इकुता देवस्थानच्या सेवेत असलेल्या घरांना ‘कामुबे’ म्हणत, त्यावरून हे नाव पडलं. त्या मोकळ्या जागेवर जॉन विल्यम हार्ट ह्या इंग्रज इंजिनिअरने वसाहतीचा आराखडा केला: सरळ रस्ते, सांडपाण्याच्या गटारी आणि १२६ भूखंड. ही वसाहत १८९९ मध्ये जपानकडे परत आली. दरम्यान पाहुण्या गावाने यजमानाला मागे टाकलं होतं. १८९२ मध्ये बंदराचं अधिकृत नावच ‘कोबे बंदर’ झालं.

मेरिकेन पार्कच्या नावातही तोच काळ आहे. अमेरिकी वकिलातीसमोरच्या धक्क्याला लोक ‘अमेरिकन’ म्हणायला गेले, कानाला ऐकू आलं ‘मेरिकेन’. गव्हाच्या मैद्यालाही जपानमध्ये असंच ‘मेरिकेन पीठ’ म्हणत.

बंदरातून जपानमध्ये काय काय उतरलं त्याची यादी मोठी आहे. मला त्यापेक्षा महत्त्वाची वाटते ती इथून निघालेली माणसं. २८ एप्रिल १९०८ ला ‘कासातो मारू’ हे जहाज ७८१ जपानी स्थलांतरितांना घेऊन कोबेहून ब्राझीलला निघालं. कॉफीच्या मळ्यांवर मजुरी करायला गेलेली ही कुटुंबं. नंतरच्या दशकांत त्यांच्यामागे आणखी हजारो गेली. जाण्याआधी ती ज्या सरकारी इमारतीत काही दिवस राहत, भाषा शिकत, लसी टोचून घेत, ती १९२८ सालची इमारत अजून उभी आहे आणि तिथे आता संग्रहालय आहे.

मुंबईचा कापूस

कोबेच्या भरभराटीत मुंबईचा वाटा मोठा आहे.

१८८० नंतर ओसाका-कोबेच्या परिसरात सूतगिरण्या झपाट्याने उभ्या राहिल्या. त्यांना कापूस हवा होता आणि हिंदुस्थानचा कापूस स्वस्त होता. पण मुंबई ते जपान ही वाहतूक पी अँड ओ ही ब्रिटिश कंपनी आणि तिच्याशी संगनमत असलेल्या इतर युरोपीय कंपन्यांच्या मुठीत होती. त्या म्हणतील तो दर. जमशेटजी टाटा १८९३ मध्ये जपानला गेले. तिथे उद्योगपती शिबुसावा एइइची आणि निप्पॉन यूसेन काइशा ही जहाज कंपनी यांच्याशी बोलणी होऊन ठरलं की दोन जहाजं टाटांची, दोन जपान्यांची, अशी मिळून स्वतःची सेवा सुरू करायची. ७ नोव्हेंबर १८९३ ला ‘हिरोशिमा मारू’ कोबेहून मुंबईला निघालं. जपानी कंपनीने चालवलेली दूर पल्ल्याची ही पहिली नियमित सागरी सेवा.

पी अँड ओने लगेच दर पाडले, इतके की कोणाही नव्या कंपनीचं दिवाळं निघावं. पण जपानी सूतगिरण्यांच्या संघाने आधीच लेखी वचन दिलं होतं की आमचा कापूस तुमच्याच जहाजांतून येईल. समोरून कितीही स्वस्त दर आला तरी त्यांनी ते मोडलं नाही. टाटा थोड्याच काळात ह्या धंद्यातून बाहेर पडले, निप्पॉन यूसेन टिकली. मला हा प्रसंग बंदरं समजून घ्यायला फार उपयोगी वाटतो. जहाज कंपनीला बंदराशी बांधून ठेवतो तो खात्रीचा माल. तो सुटला की काय होतं ते पुढे येईलच.

ह्या गाठींमध्ये वऱ्हाडचा कापूसही होता. अमरावतीवरून मुंबईच्या बाजारात त्याला ‘ऊमरा’ म्हणत. आखूड धाग्याचा हा कापूस जपानी गिरण्या अमेरिकी लांब धाग्याच्या कापसात मिसळून सूत काढत. परतीच्या फेरीत जपानी माल यायचा. त्यात काड्यापेट्या भरपूर, कोबे हे त्या धंद्याचं मोठं केंद्र होतं.

माल आला तशी माणसंही आली. १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर तिथले बरेच हिंदी व्यापारी कोबेला येऊन स्थायिक झाले. १९३५ मध्ये कोबेत जपानमधली पहिली मशीद उभी राहिली, तिला हिंदी आणि तातार मुस्लिम व्यापाऱ्यांनी पैसा पुरवला. १९४५ च्या बॉम्बवर्षावातून आणि १९९५ च्या भूकंपातूनही ती वाचली. कितानो टेकडीच्या परिसरात १९८५ मध्ये बांधलेलं जैन देरासर आहे. मोत्यांच्या व्यापारात इथे जैन कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, कारण मोती निवडून, जुळवून, ओवून जगभर पाठवण्याचं काम कोबेतच एकवटलेलं आहे.

धक्के आणि पडाव

खुलं झाल्यावरही कित्येक वर्षं मोठी जहाजं काठाला लागत नव्हती. ती दूर नांगर टाकत आणि पडावांमधून माल काठावर यायचा. धक्क्यांचं मोठं काम १९०७ मध्ये सुरू झालं आणि पहिला टप्पा १९२२ मध्ये पुरा झाला. काठापासून समुद्रात हाताच्या बोटांसारखे पुढे आलेले धक्के, त्यांच्यावर रेल्वेचे रूळ आणि गोदामं. तरीही पडाव गेले नाहीत. हजारो हमाल आणि पडाववाले ह्या बंदरावर जगत. जपानमधली सर्वांत मोठी गुन्हेगारी टोळी यामागुची-गुमी हिचा जन्मही १९१५ मध्ये ह्याच गोदी कामगारांच्या मजूर पुरवठ्याच्या धंद्यातून झाला.

१९४५ मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत शहर जळलं आणि विमानांतून टाकलेल्या पाणसुरुंगांनी बंदर बंद पडलं. युद्धानंतर धक्के अमेरिकी लष्कराच्या ताब्यात गेले. नवा बंदर कायदा आल्यावर १९५१ पासून बंदराचा कारभार कोबे महापालिकेकडे आला. हा तपशील रूक्ष वाटेल, पण पुढच्या सगळ्याची किल्ली त्यात आहे. शहर आणि बंदर दोन्ही एकाच हाती असल्यामुळेच डोंगर उचलून समुद्रात नेण्याची कल्पना कुणाला सुचू शकली.

डोंगर समुद्रात कसा नेला

चुजिरो हारागुची हे १९४९ ते १९६९ पर्यंत कोबेचे महापौर होते, आणि ते मूळचे स्थापत्य इंजिनिअर. त्यांच्यासमोर दोन अडचणी होत्या. बंदर वाढवायला काठावर जागा नाही. वाढत्या लोकसंख्येला घरं बांधायला सपाट जमीन नाही, कारण मागे लगेच डोंगर. त्यांनी दोन्हींचं उत्तर एकच काढलं. शहराच्या पश्चिमेकडचे सुमा भागातले डोंगर कापायचे, कापलेल्या जागेवर वसाहती उभारायच्या आणि निघालेल्या मातीने समुद्रात बेटं करायची.

लाखो ट्रक माती शहरातून नेली असती तर धुळीने आणि गर्दीने लोक हैराण झाले असते. म्हणून डोंगरापासून समुद्रापर्यंत बोगद्यांतून वाहता पट्टा टाकला. त्याची लांबी वाढत वाढत चौदा किलोमीटरच्या वर गेली. पिठाच्या गिरणीतल्या पट्ट्यासारखाच, पण माणसापेक्षा रुंद. काठावर ती माती तळ उघडणाऱ्या तराफ्यांमध्ये पडायची आणि तराफे ती ठरल्या जागी समुद्रात सोडून यायचे. हा पट्टा २००५ पर्यंत चालला. पैशासाठी पालिकेने १९६८ मध्ये थेट पश्चिम जर्मनीत मार्क चलनातले रोखे विकले. एका शहराच्या पालिकेने परदेशात कर्ज उभारून बेट बांधावं, हे धाडस मला आजही थक्क करतं.

१९६६ ते १९८१ मध्ये पोर्ट आयलंडचा पहिला टप्पा झाला, सुमारे ४४० हेक्टरचा. कडेने कंटेनरचे धक्के आणि मधोमध घरं, इस्पितळ, हॉटेल, सभागृह. त्याच्या उद्घाटनाला १९८१ मध्ये ‘पोर्टोपिया’ हे प्रदर्शन भरवलं, त्याला १ कोटी ६० लाखांवर लोक आले. शहरातून बेटावर जाणारी पोर्ट लायनर ही चालकाविना धावणारी गाडी त्याच वर्षी सुरू झाली. पूर्वेला रोक्को आयलंड १९७२ मध्ये सुरू झालं, तेही सुमारे ५८० हेक्टरचं. १९८७ पासून पोर्ट आयलंड दक्षिणेकडे आणखी वाढवलं.

वेळही अचूक साधली होती. १९६७ मध्ये माया धक्क्यावर कंटेनर उतरू लागले. कंटेनर म्हणजे ठरावीक मापाची लोखंडी पेटी. वीस फुटी पेटी हे मोजमापाचं एकक, तिला टीईयू म्हणतात. पूर्वी एक-एक गोणी, पेटारा, पिंप उचलत जहाज रिकामं करायला आठवडा लागे. पेट्यांमुळे ते काम एका दिवसावर आलं. पण त्यासाठी धक्क्यामागे पेट्या ठेवायला फार मोठं मोकळं पटांगण लागतं. जुन्या बोटांसारख्या अरुंद धक्क्यांवर ते मिळणं अशक्य होतं. कोबेकडे नेमकं त्याच वेळी नवं कोरं बेट तयार होत होतं. सत्तरच्या दशकात कोबे जगातल्या अगदी पहिल्या दोन-तीन कंटेनर बंदरांत होतं. १९९४ मध्ये इथून २९ लाखांहून अधिक टीईयूंची उलाढाल झाली आणि जगात सहावा क्रमांक होता. पडाव आणि पडाववाले मात्र ह्याच काळात संपले.

वीस सेकंद

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ.

कोबेचे बहुतेक धक्के ‘कॅसन’ पद्धतीचे होते. कॅसन म्हणजे सिमेंट-काँक्रीटची अवाढव्य पोकळ पेटी, दोन-चार मजली इमारतीएवढी. ती काठावर बनवायची, तरंगवत जागेवर न्यायची, आत वाळू भरून बुडवायची. अशा पेट्या रांगेत बसवल्या की भिंत तयार होते. भिंतीच्या मागे माती भरली की धक्का तयार. ही भिंत खाली खिळलेली नसते. ती केवळ स्वतःच्या वजनाने जागेवर बसलेली असते.

कोबेच्या समुद्राचा तळ मऊ चिकणमातीचा. त्यावर एवढं वजन टेकवलं तर ते रुतणार. म्हणून पेटीखालची चिकणमाती उपसून त्या जागी दुसरी माती भरली. कोणती? डोंगरातून पट्ट्यावरून आलेली मासादो. भिंतीच्या मागेही तीच.

पाण्याखाली असलेल्या सैल मातीत कणांच्या मधल्या फटी पाण्याने भरलेल्या असतात. एरवी कण एकमेकांवर टेकलेले असतात आणि भार तेच पेलतात. जमीन जोरात हादरली की कण सरकून जास्त दाट बसू पाहतात, पण मधल्या पाण्याला इतक्या झटकन बाहेर पडायला वाट नसते. मग पाण्याचा दाब वाढतो, कण एकमेकांपासून सुटतात आणि जमीन क्षणभर दाट पातळ पिठासारखी होते. ओल्या वाळूवर उभं राहून पाय थरथरवले की आपण खाली जातो, तेच. ह्याला मातीचं द्रवीकरण म्हणतात. एकसारख्या बारीक वाळूत हे घडतं, हे १९६४ च्या निइगाता भूकंपापासून जपानी इंजिनिअरांना चांगलं माहीत होतं. पण मासादोमध्ये खडेही असतात, कण लहान-मोठे असतात, त्यामुळे ती तेवढी धोक्याची नाही असं मानलं जाई. त्या पहाटे तीही विरघळली.

पेटीखालची माती मऊ पडली, मागची माती पेटीला पुढे ढकलू लागली आणि सगळी भिंत समुद्राच्या दिशेने सरकली: साधारण तीन मीटर, काही ठिकाणी पाच मीटरपर्यंत. शिवाय ती एक-दोन मीटर खचली आणि पुढे झुकली. काँक्रीट मात्र बहुतेक ठिकाणी शाबूत होतं. भिंत फुटली नाही, ती आख्खीच्या आख्खी चालत पुढे गेली. कंटेनर उचलणाऱ्या क्रेनचे समुद्राकडचे रूळ ह्या भिंतीवर आणि जमिनीकडचे मागच्या वेगळ्या पायावर होते. पुढचे पाय भिंतीबरोबर सरकले, मागचे जागीच राहिले. क्रेनच्या तंगड्या फाकल्या आणि त्या वाकल्या. कंटेनरचे २१ च्या २१ धक्के बंद पडले. बेटावरच्या रस्त्यांतून चिखल-पाणी उसळून वर आलं. खोल खांबांवर उभ्या इमारती टिकल्या, पण भोवतालची जमीन खचल्यामुळे त्या वर आल्यासारख्या दिसू लागल्या.

त्या पहाटे दोन गोष्टी तगल्या, आणि त्यांनीच पुढची दिशा दिली. माया भागातले काही मोजके धक्के जास्त मोठा हादरा गृहीत धरून बांधले होते, ते वापरण्याजोगे राहिले. मदतीची जहाजं तिथेच लागली. आणि बेटांवर ज्या भागांत माती आधीच ठोकून, वाळूचे खांब घालून घट्ट केली होती, तिथे नुकसान फार थोडं झालं. म्हणजे मातीची जात जितकी महत्त्वाची, तितकंच तिला दाबून बसवणंही.

ह्या भूकंपात ६,४३४ माणसं गेली, बहुतेक शहरातल्या जुन्या लाकडी घरांखाली. बंदराची कथा सांगताना हा आकडा बाजूला राहू नये.

भिंती उभ्या राहिल्या, जहाजं गेली

दुरुस्तीचं काम विलक्षण वेगाने झालं. काही पेट्या काढून पुन्हा बसवल्या. काही ठिकाणी मोडक्या भिंतीच्या पुढे खांबांवर नवा धक्का उभारला. मागे हलका भराव घातला, माती घट्ट केली. मे १९९७ मध्ये, म्हणजे सव्वादोन वर्षांत, बंदर पूर्ववत झाल्याचं जाहीर झालं.

पण माल सव्वादोन वर्षं थांबत नाही. कोबेच्या पेट्यांमध्ये मोठा भाग ‘बदलीच्या’ मालाचा होता. चीनच्या किंवा आग्नेय आशियाच्या लहान बंदरातून छोट्या जहाजाने पेटी कोबेला यायची आणि इथून अमेरिकेच्या मोठ्या जहाजावर चढायची. अशा मालाला कोबेशी कसलंच नातं नसतं. जिथे मोठी जहाजं, कमी दर आणि पक्कं वेळापत्रक मिळेल तिथे तो जातो. भूकंपानंतर तो कोरियाच्या बुसानला आणि तैवानच्या काओशुंगला जाऊ लागला. एकदा जहाज कंपनीने वेळापत्रक, करार आणि कचेरी तिकडे हलवली की परतण्याचं कारण उरत नाही. त्यातून जपानी कारखानेही त्याच वर्षांत चीनकडे सरकत होते आणि चीन स्वतःची खोल बंदरं बांधत होता.

सगळा दोष भूकंपावर टाकणं मला बरोबर वाटत नाही. कोबेतले खर्च जास्त होते, कामाचे तास ठरलेले होते आणि बुसान आधीपासूनच मुसंडी मारत होतं. वीस वर्षांत हळूहळू झाली असती ती घसरण भूकंपाने एका वर्षात घडवली. १९९५ मध्ये उलाढाल निम्म्यावर आली. १९९४ चा आकडा पुन्हा गाठायला २०१७ उजाडलं, म्हणजे बंदर खुलं होऊन दीडशेवं वर्ष. त्या वर्षी कोबेची उलाढाल २९ लाख टीईयू होती, आणि बुसानची २ कोटींच्या वर.

आज बंदराचा कंटेनर व्यवहार मुख्यतः पोर्ट आयलंड आणि रोक्को आयलंड इथे चालतो. सर्वांत मोठे धक्के १५-१६ मीटर खोलीचे आहेत आणि भूकंपाला पुरून उरतील अशा रीतीने बांधलेले आहेत. पूर्वीचं वैर सोडून कोबे आणि शेजारचं ओसाका यांची २०१४ पासून एकच चालक कंपनी आहे, कारण पश्चिम जपानच्या लहान बंदरांचा माल बुसानऐवजी इकडे वळवायचा तर दोघांनी आपसात भांडून चालणार नाही. जुन्या धक्क्यांवर आता प्रवासी जहाजं, उपाहारगृहं, मत्स्यालय आणि कचेऱ्या आहेत. कियोमोरीच्या बंदराच्या बाजूला कावासाकी आणि मित्सुबिशी यांचे जहाज कारखाने अजून चालतात. जपानच्या पाणबुड्या तिथेच बनतात. १९६३ मध्ये बांधलेला १०८ मीटर उंचीचा लाल पोर्ट टॉवर, कंबरेत निमुळता जपानी ढोलकासारखा, दुरुस्तीनंतर २०२४ मध्ये पुन्हा उघडला.

सर्वांत दक्षिणेला आणखी एक बेट आहे. त्यावर २००६ मध्ये विमानतळ सुरू झाला. त्याच बेटाच्या कडेला द्रवरूप हायड्रोजन उतरवण्याचा धक्का आहे. हायड्रोजन द्रव करायचा तर उणे २५३ अंशांपर्यंत थंड करावा लागतो. तो वाहून नेणारं ‘सुइसो फ्रंटियर’ हे पहिलं जहाज कोबेतच बांधलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ते ऑस्ट्रेलियातून पहिली खेप घेऊन इथे आलं. जहाजाची टाकी १,२५० घनमीटरची, म्हणजे नैसर्गिक वायू वाहणाऱ्या जहाजांच्या मानाने अगदी लहान. हा धंदा चालेल की नाही ते गिऱ्हाईक आणि किंमत ठरवतील.

कोबेला जाणं झालं तर सान्नोमिया स्टेशनवरून पोर्ट लायनरमध्ये पुढच्या खिडकीशी बसावं. गाडीला चालक नसल्याने समोरचं सगळं दिसतं. लाल पूल ओलांडला की खाली कंटेनरची रास लागते, मग घरं, मग इस्पितळ आणि प्रयोगशाळा, मग आणखी एक पूल, आणि अठरा-एक मिनिटांत विमानतळ. पहिला पूल ओलांडल्यानंतर वाटेत लागते ती सगळी जमीन माणसांनी समुद्रात भरून केलेली आहे. उतरून मागे वळून पाहिलं तर रोक्कोची रांग दिसते, आणि तिच्या पश्चिमेच्या टोकाला, जिथून माती कापून आणली तिथे, घरांच्या ओळी.